यवतमाळची कार हैदराबादला नेताय? १२ महिन्यांचा नियम, एनओसी आणि टॅक्सचं गणित समजून घ्या

पांढरकवडा सोडलं की पाटणबोरी, मग पिंपळखुटीचा चेकपोस्ट, मग पैनगंगेचा पूल. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचा (जुनी माणसं अजून ‘सात नंबर’च म्हणतात) हा पूल ओलांडला की तेलंगणा. ट्रकवाल्यांसाठी इथं थांबा असतो, घरच्या कारला सहसा कुणी हात दाखवत नाही. त्यामुळे एमएच-२९ची पाटी घेऊन हैदराबादला राहायला गेलेल्या अनेकांना आपण काही नियम मोडतोय, याचा पत्ताच नसतो. नियम पुलावर लागत नाही, तो वर्षभरानं लागतो.

माझ्या इंजिनिअरिंगच्या बॅचची निम्मी मुलं पुण्यात आणि बरीचशी हैदराबादेत आहेत. त्यातल्या एकानं गावाकडची कार सोबत नेली. कार वडिलांच्या नावावर, वर बँकेचं कर्ज. दीड वर्षानं तपासणीत अडकला, तेव्हा त्यानं पहिला फोन मला केला. बातम्यांत काम करतो म्हणजे आपल्याला सगळं ठाऊक असतं, असा मित्रांचा समज आहे. मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. नंतर शोधलं ते असं.

१२ महिन्यांचा नियम नेमका काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४६ नुसार एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. म्हणजे फिरायला, लग्नाला, चार-सहा महिन्यांच्या प्रोजेक्टला गाडी नेली तर नव्या नंबरची गरज नाही. पण कलम ४७ म्हणतं, गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर मालकानं तिथला नवा नंबर घ्यायला हवा. तेलंगणात २०२४ पासून ही पाटी ‘टीजी’नं सुरू होते, त्याआधी ‘टीएस’ होती.

आता गाडी केव्हा आली, हे ठरवायचं कसं? इथं फास्टॅगचं स्टेटमेंट कामी येतं. कोणत्या टोलवरून, कोणत्या तारखेला, किती वाजता गेलात, सगळी नोंद त्यात असते. दर दोन-तीन महिन्यांनी यवतमाळला चक्कर होत असेल तर ते जपून ठेवा.

एनओसी कशी मिळते?

यवतमाळच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे फॉर्म २८ भरून ‘ना हरकत’ मागायची. ‘परिवहन’ पोर्टलवर अर्जाची सोय आहे. आरसी, विमा, पीयूसी आणि चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं घासून घेतलेला ठसा लागतो. जुनी ई-चलानं आधी भरून टाका, काम तिथंच अडतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती हवी. कायद्यानं ३० दिवसांत होकार किंवा नकार कळवायचा असतो. नकार कळवला नाही, तर एनओसी दिली असं मानलं जातं.

एक बारीक गोष्ट. एनओसीवर तिकडच्या कोणत्या कार्यालयासाठी ती दिली, ते लिहिलेलं असतं. आयटीवाली आपली बरीच मंडळी राहतात ती गचीबावली, कोंडापूरकडे. पत्ता ‘हैदराबाद’ लिहिला तरी हा भाग रंगारेड्डी जिल्ह्यात येतो. घर पक्कं झाल्यावरच अर्ज करा.

तिकडे गेल्यावर नव्या नंबरसाठी फॉर्म २७.

गाडी वडिलांच्या नावावर असेल तर?

खरी गोम इथं आहे. आपल्याकडे कापसाचे पैसे आले की गाडी घेतली जाते, कागद बाबांच्या नावावर होतात आणि चालवतो मुलगा. नवा नंबर मिळतो मालकाच्या नावानं, मालकाच्या पत्त्यावर. बाबा राहतात वणीला, मग तेलंगणातला पत्ता कुणाचा दाखवणार? त्यामुळे आधी गाडी मुलाच्या नावावर करायची. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्ज असेल तर पुन्हा बँक. मित्राचं घोडं इथंच अडलं होतं. शेवटी त्यानं कर्जाचे उरलेले हप्ते एकदम भरले आणि मगच कागद हलले.

टॅक्स दोनदा भरायचा?

आधी हो, मग थोडा परत. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला ११ टक्के एकरकमी कर आहे. म्हणजे ८ लाखांच्या कारला ८८ हजार. तेलंगणातही आजीवन कर आहे, बाहेरून आलेल्या गाडीला तो तिच्या वयानुसार कमी लागतो. तिथं नोंदणी झाली की इथल्या कार्यालयात उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो. गाडी जितकी जुनी, तितकी रक्कम कमी. मधले काही महिने दोन्ही राज्यांचा कर तुमच्याच खिशातून गेलेला असतो. बदलीच्या खर्चात हा आकडा कुणी धरत नाही.

पाटी बदलली की हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नवी, विम्यावर नंबर नवा, फास्टॅगवरही. लायसन्स मात्र तेच चालतं.

बीएच सिरीजचा उपयोग होतो का?

सारख्या बदल्या असतील तर होतो. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेली ही पाटी सरकारी कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना मिळते. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर जुन्या गाडीलाही ती घेता येते. खासगी नोकरीत कंपनीकडून फॉर्म ६० लागतो. शेतकरी वडिलांच्या नावावरच्या गाडीला ही सोय नाही.

आणि देशाची सीमा ओलांडायची असेल तर?

दुबईहून परतताना तिकडची कार आणता येईल का, असं एका वाचकानं विचारलं होतं. तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. भारतात आणायच्या जुन्या कारचं ते उजवीकडे हवं आणि ती तीन वर्षांहून जुनी नको. त्यामुळे विकून येणंच बरं. इथून नेपाळला कार नेता येते, सीमेवर ‘भन्सार’ भरून ठरावीक दिवसांसाठी. दूरच्या अनेक देशांत ‘कार्नेट’ लागतं. गाडी तिकडे विकणार नाही, परत आणू, याची ती हमी असते. म्हणजे कायम राहायला जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

पैनगंगेपलीकडेही कधीकाळी वेगळं राज्य होतं. १९४८ पर्यंत निजामाची स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. वऱ्हाडातून पलीकडे माल न्यायचा तर ती भरावी लागे.

मित्राच्या कारला गेल्या महिन्यात टीजीची पाटी लागली. परताव्याचा अर्ज यवतमाळला दिलाय, पैसे अजून यायचे आहेत.