घर विकायचंय? रंगाऱ्याआधी उतारा काढा

शिराळ्यात वडिलोपार्जित घर विकायचं ठरलं की पहिला निरोप जातो रंगाऱ्याला. घर उजळलं की भाव चढतो, ही समजूत पक्की आहे. प्रत्यक्षात गावठाणातल्या जुन्या घराचं गिऱ्हाईक पैसे मोजतं ते जागेचे आणि रस्त्याचे. त्याचा पहिला प्रश्न असतो, “उतारा कुणाच्या नावावर आहे?” गळकी कौलं जरूर फिरवा, पण ओल रंगाखाली झाकू नका. साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो.

“घरपट्टी मीच भरतो, म्हणजे घर माझं,” हे तर घरोघरी ऐकू येतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ असो की नगरपंचायतीचा कर आकारणी उतारा, तो कर कुणाकडून घ्यायचा यासाठी ठेवलेला असतो. मालकी येते खरेदीखताने, वाटपाने, मृत्युपत्राने, बक्षीसपत्राने किंवा वारसाहक्काने. म्हणून आधी भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. तिच्यावर अनेकदा वारलेल्या आजोबांचंच नाव असतं, आणि मागाहून पुढे ओढलेली पडवी तिच्या क्षेत्रात कुठेच नसते. वारस नोंद आणि मोजणी यांना वेळ लागतो. गिऱ्हाईक दारात आल्यावर ही धावपळ सुरू केली तर व्यवहार मोडतो.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज बहिणींविषयीचा. “लग्नात दिलं, आता त्यांचा काय संबंध?” संबंध पूर्ण आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित घरातही आई, मुलगे आणि मुली सारख्या वाट्याचे वारस असतात. एकत्र हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहहिस्सेदार केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर हा हक्क मिळाला आणि लग्नाची ही अट गेली. राहत्या घराचं वाटप मुलींना मागता येत नसे, ते कलमही तेव्हाच रद्द झालं. वडील २००५ मध्ये हयात असायलाच हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला: गरज नाही, हक्क जन्मानेच आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली विक्री किंवा नोंदणीकृत वाटप मात्र यामुळे उलटत नाही.

बहिणीने खुशीने हक्क सोडला तरी हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. साध्या कागदावरची सही पुरत नाही. नागपंचमीला लेकी माहेरी येतात, मुंबईकर भाऊही गावी असतात. हा विषय बोलायला ते दिवस चांगले. पण जेवणं झाल्यावर घाईने कागद पुढे करू नये. घराची किंमत किती, वाटा किती, हे आधी स्पष्ट सांगावं, आणि तिला वाटा हवा असेल तर तो मुकाट्याने द्यावा. एका बहिणीची सही राहिली, तर तिचा वाटा विकलाच जात नाही आणि पुढचा दावा खरेदी करणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

नोटरीपुढे केलेला करार किंवा मुखत्यारपत्र म्हणजे विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत नोंदवूनच मालकी जाते.

“थोडे रोख घेतले की कर वाचतो,” हा सल्ला तर धोक्याचाच. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. शिवाय कर सगळ्या किमतीवर लागत नाही, फक्त नफ्यावर लागतो. घर १ एप्रिल २००१ पूर्वी घराण्यात आलेलं असेल, तर त्या तारखेचा बाजारभाव मूळ खर्च म्हणून धरता येतो. नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला त्यासाठीच आधी घ्यावा. नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्यावरही सूट मिळते.