पडक्या भिंतीला उसना पोत कशाला?

वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या फोटोंवर भेगा, गंज, खरवडलेला रंग असा तयार पोत चढवायची हौस आता फार दिसते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या या किल्ल्यातल्या भिंती दगड-चुन्याच्या आहेत. गिलावा कुठे सुटला, पाणी कुठे मुरलं, पिंपळाचं मूळ कोणत्या सांध्यात शिरलं, हे त्या स्वतःच दाखवतात. त्यावर गंजक्या पत्र्याच्या फोटोचा थर ‘ओव्हरले’ मोडमध्ये टाकला की थरातले गडद डाग भिंत काळवंडवतात, फिकट ठिपके तिला उजळवतात, आणि खरी ओल खोट्या डागांत हरवते. शिवाय गंज लोखंडाला चढतो. चुन्यावर तो आला कुठून?

फोटो म्हणजे कला, पंचनामा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. कृष्णधवल फोटोही वास्तव बदलतोच. पण त्यात रंग जातात, नवी भेग येत नाही. दुपारच्या उन्हात भिंत सपाट दिसते, हेही खरं. त्यावर उपाय सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन. प्रत्येक खळग्याला सावली मिळते. मग रॉ फाइलवर लाइटरूमचा टेक्स्चर स्लायडर बेताने वाढवा. तो फोटोत आहेत तेच मध्यम आकाराचे तपशील उठावदार करतो, बाहेरून काही आणत नाही. (फार ओढलात तर मात्र दगड करकरीत, प्लास्टिकचा वाटू लागतो.) पांढऱ्याफटक आभाळावर कागदाचा फिकट पोत हवाच असेल तर जरूर द्या, फक्त मास्क लावून भिंत त्यातून वगळा आणि कॅप्शनमध्ये तसं लिहा.