निकाल लागला, पण कुणाचा?

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात भाजणी दळून आली असेल, फराळाच्या डब्यांवर मुलांची नजर असेल आणि सहामाही परीक्षा नुकतीच आटोपली असेल. सरकारदरबारी या परीक्षेला आता ‘संकलित मूल्यमापन’ म्हणतात. परंतु आमच्या अमरावतीच्या राजापेठेत भाजी घेताना एका आईने दुसरीला ‘काय हो, तुमच्या बाळूचे संकलित मूल्यमापन कसे झाले?’ असे विचारल्याचे मी तरी अद्याप ऐकलेले नाही. सहामाही ती सहामाहीच. ती संपली की जिन्यात, रिक्षात, एवढेच काय, भाऊबीजेच्या ताटाशीसुद्धा प्रश्न एकच : किती पडले?

हा प्रश्न मोठा चिवट आहे. २० ऑगस्ट २०१० रोजी महाराष्ट्र सरकारने आदेश काढून प्राथमिक वर्गांना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. प्रगतिपुस्तकात गुणांच्या जागी श्रेणी आल्या आणि शेजारी शिक्षकांच्या हातच्या वर्णनात्मक नोंदी आल्या. ‘गोष्ट ऐकून प्रश्न विचारतो’, ‘उदाहरण सोडवताना घाई करतो’, अशा. हेतू हा, की आईबापांनी आकड्याकडे न पाहता मुलाकडे पाहावे. झाले काय? आईबाप बाईंना व्हरांड्यात गाठून हळूच विचारू लागले, ‘अ-२ म्हणजे टक्के किती धरायचे?’ बाई बिचाऱ्या सांगत, ८१ ते ९०. की झाले समाधान! नोंदीचा रकाना कोराच वाचला जातो.

माझे एक पाऊल अमरावतीत असते, दुसरे अकोल्यात. मुलगा-सून इकडे, लेक-जावई तिकडे. नातवंडे दोन्हीकडे प्राथमिक शाळेत, आणि लेक स्वतः अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. त्यामुळे शाळा नावाच्या वस्तूची पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू मला फुकटात पाहायला मिळतात.

गेल्या वर्षी सहामाहीनंतर सूनबाईंना कचेरीतून सुटी मिळेना, म्हणून नातवाच्या पालकसभेला मी गेले. शाळा इंग्रजी माध्यमाची, बाई तरुण आणि मुलांवर जीव असणाऱ्या. मी मागच्या बाकावर बसून तासभर ऐकत होते. बसची वेळ, गणवेशाचा रंग, शेजारच्या तुकडीचा एक धडा पुढे कसा गेला, अर्धा गुण कुठे कापला, सगळे निघाले. एका सद्गृहस्थांनी तर तिसरीतल्या मुलीच्या पेपरचा फोटो काढून तिथल्या तिथे शिकवणीच्या सरांना पाठवला आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत बाईंना थांबायला सांगितले! आपले मूल वर्गात काय विचारते, कुणाशेजारी बसते, कशाला भिते, हे कुणी विचारले नाही. बाई आपण होऊन सांगू लागल्या, तर ‘ते ठीक आहे हो, पण...’ म्हणून पुन्हा अर्ध्या गुणाचे पालुपद.

शिकवणीचे तर विचारूच नका. अकोला म्हणजे शिकवणी वर्गांचे गाव, हे आता साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. २०२४ च्या मे महिन्यात उन्हाचा पारा एवढा चढला, की जिल्ह्यात १४४ कलम लावावे लागले. त्या आदेशात भर दुपारी शिकवणी वर्ग भरवू नयेत असेही बजावलेले होते. आमच्याकडच्या शाळा उन्हापायी उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. शिकवणीला मात्र सरकारी हुकूम निघेपर्यंत ऊन लागत नाही. मोठ्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांचे मी समजू शकते. पण दुसरी-तिसरीच्या पोराला पाढ्यांसाठी शिकवणी? घरात दोन पदवीधर, आणि सात नव्वे त्रेसष्ट म्हणून घ्यायला माणूस पगारी!

वास्तविक कायद्याने पालकाला शाळेत केवढा मोठा पाट मांडला आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्यातल्या एकविसाव्या कलमाप्रमाणे शाळेची व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात तीन चतुर्थांश सभासद आईबाप असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचे, विकासाचा आराखडा करायचा, अनुदानाचा विनियोग पाहायचा, हे सारे त्या समितीचे काम. चोविसाव्या कलमाने शिक्षकाला बांधून घातले आहे, की त्याने पालकांच्या सभा नियमित घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची कुवत आणि प्रगती त्यांच्या कानावर घालावी. विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र समितीचे हे कलम लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो, आणि त्याच्या कार्यकारी समितीला राज्याच्या २०११ च्या कायद्याने खरी धार दिली आहे ती शुल्क ठरवण्याच्या बाबतीत. म्हणजे पहा, जिथे आपण हजारांनी फी भरतो तिथे आपला आवाज फीपुरता. आणि जिथे मजुरांची लेकरे शिकतात तिथे त्यांच्या आईबापांकडे, निदान कागदावर, अख्खी शाळा!

कागदावर म्हटले ते मुद्दाम. समितीतल्या बायकांना सहीला बोलावायचे, अंगठा घ्यायचा, चहा पाजायचा आणि घरी पाठवायचे, असे जिथे चालते तिथे कायदा काय करणार? आणि त्या बायकांचीही मनोमन खात्री असते, की आपण अडाणी, आपल्याला यातले काय कळते.

वऱ्हाडच्या मातीत मात्र याचे उत्तर फार जुने आहे. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा स्वतः शाळेत शिकले नव्हते. पण १९५६ च्या डिसेंबरात देह ठेवीपर्यंत गावोगावच्या आईबापांना ते एकच गोष्ट बजावत राहिले : ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण लेकराला शाळेत घाला. त्यांचे कीर्तन ज्यांनी ऐकले ती जुनी माणसे सांगत, की बाबा फारसे सांगत नसत, विचारत असत. प्रश्न टाकायचा आणि उत्तर गर्दीतून काढून घ्यायचे. अक्षरशत्रू माणसांकडून एवढी उत्तरे काढणारा दुसरा मास्तर मला ठाऊक नाही. त्याच जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेला शिकायला गेले, ते वडिलांनी जमीन गहाण टाकली म्हणून. परतल्यावर ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी पहिल्याप्रथम हात घातला तो प्राथमिक शाळांच्या कामात. आणि बालशिक्षणात ज्यांचे नाव घेतल्याशिवाय पान हलत नाही त्या ताराबाई मोडक! लग्नानंतरची काही वर्षे त्यांनी आमच्या अमरावतीत काढली होती, हे सांगितले की इथल्याच लोकांना नवल वाटते. पुढे त्यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले, मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवून पालकांना लिहिते-वाचते केले, आणि बोर्डी-कोसबाडला मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना निघाली, तेव्हा महाराष्ट्रात ती आधी सुरू झाली दोन ठिकाणी : मुंबईच्या धारावीत आणि आमच्या मेळघाटातल्या धारणीत.

आता अलीकडची गोष्ट. २०२० च्या मार्चमध्ये शाळांना कुलपे लागली. पुढच्या फेब्रुवारीत इतरत्र जरा मोकळा श्वास घेतात न घेतात तोच साथ पुन्हा उसळली ती आमच्याकडे. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवड्याची टाळेबंदी, पाठोपाठ अकोल्यातही. पहिली ते चौथीचे वर्ग राज्यात पुन्हा उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. लेक म्हणायची, ‘आई, दुसरीत गेलेल्या पोरांनी पहिलीचा फळाच पाहिलेला नाही ग.’ आणि जी त्या जूनमध्ये पहिलीत येणार होती, त्यांनी दोन वर्षे अंगणवाडीचा उंबरठासुद्धा ओलांडलेला नव्हता.

तेव्हा २०२२ च्या एप्रिलमध्ये राज्यभर ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळापूर्व तयारी मेळावे झाले. लेकीच्या शाळेतला मेळावा मी डोळ्यांनी पाहिला. सात टेबले मांडलेली. एकावर नोंदणी, मग धावणे-उड्या, मग वस्तू जुळवणे, चित्र पाहून बोलणे, मोजणे, असे करीत शेवटचे टेबल पालकांशी बोलण्याचे. प्रत्येक मुलाच्या हाती एक विकासपत्र. बँड नाही, हारतुरे बेताचे. पण खरा गाभा त्यानंतर होता. शेजारपाजारच्या आयांचे गट करायचे, त्यांना घरी करण्यासारख्या कृतींची कार्डे द्यायची, त्यांच्यातलीच एक पुढारी, आणि जूनमध्ये दुसरा मेळावा भरवून लेकरू किती पुढे आले ते पाहायचे.

कार्ड हाती पडताच एकजण म्हणाली, ‘मॅडम, मले तं वाचता येत नाही. मी काय शिकवू पोरीले?’ लेकीने तिला विचारले, घरी भाकरी किती टाकता? माणसे किती? मग पोरीलाच वाटायला लावा ना. कांदे-बटाटे निवडायला बसवा, लहान-मोठे वेगळे करू द्या, तुरीच्या डाळीतले खडे मोजू द्या, आणि दिवसभर काय झाले ते रात्री तिच्या तोंडून ऐका. ‘एवढंच? हे तं आमी करतोच बाप्पा,’ असे म्हणून बाई हसू लागली.

दीड-दोन महिने असे आधी नुसते कांदे निवडण्यात गेले. मध्यंतरी आमच्या अमरावती-अकोला रस्त्याचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकून गिनीज बुकात नाव गेले. वर्तमानपत्रांचे रकाने भरले, आणि ते योग्यच झाले. मी त्या रस्त्याने दर महिन्याला जाते. पण त्याच जूनमध्ये गावोगावच्या ओट्यांवर जे चालले होते त्याला विक्रमाची वही नव्हती. दुसऱ्या मेळाव्याला ती डाळवाली बाई पुढच्या रांगेत होती. पोरगी वीसपर्यंत मोजून थांबली, तर हिने मागून दटावले, ‘पुढं म्हण ना वं!’

मेळघाटात गोष्ट याहून अवघड. चिखलदरा-धारणीच्या मुलाची घरची बोली कोरकू. ती मराठीची दूरचीसुद्धा नातलग नाही, मुंडा कुळातली. आईबाप कामासाठी खाली मैदानात उतरतात आणि होळीला घरी परततात. तिथल्या आईने मुलाला मराठीत अभ्यास घ्यावा असे म्हणणे म्हणजे थट्टाच. तिने कोरकूत गोष्ट सांगावी, आणि शाळेने ती ऐकून घ्यावी. आमच्या मैदानी वऱ्हाडात भाषा एवढी परकी नाही. तरी अंतर आहेच, आणि ते मला दोन वर्षांपूर्वीच्या सहामाहीने दाखवले.

लेकीच्याच शाळेतली दुसरीतली एक मुलगी. हुशार, वही नेटकी, पण तोंडातून शब्द नाही. प्रगतिपुस्तकात लेकीने नोंद केली : ‘वर्गात बोलत नाही. आत्मविश्वास वाढवणे आवश्यक.’ निकालाच्या दिवशी तिची आई आली. मजुरी बुडवून आली होती. पुस्तक उलटेसुलटे करून पाहिले आणि पुढे केले, ‘मॅडम, तुमी काय लिवलं थे वाचून दाखवा.’ शहरातल्या एवढ्या पालकसभांत हे वाक्य मी ऐकले नव्हते. लेकीने वाचून दाखवले. बाई चपापली नाही, चिडली. ‘हे खोटं हाय मॅडम! घरी तं इचं तोंड मिटत नाही. बकरीसंग बोलते, कोंबडीसंग बोलते, झोपीत बी बोलते. काहून वं, शाळेत काहून नाही बोलत?’

मुलगी बराच वेळ पदराआड उभी राहिली. मग म्हणाली, ‘मी बोलली का पोट्टे हासतात.’

उलगडा व्हायला मग वेळ लागला नाही. घरी ‘काहून’, पुस्तकात ‘का’. घरी ‘मले’, पुस्तकात ‘मला’. पहिलीत असताना कुणीतरी हसले होते, तेव्हापासून तिने पुस्तकातली भाषा येईपर्यंत न बोलण्याचे ठरवले होते! सहा महिने वर्गात उभी असलेली लेक जे पाहू शकली नव्हती, ते निरक्षर आईने एका वाक्यात दाखवले. दिवाळीनंतर लेकीने शनिवारचा शेवटचा तास गोष्टींचा केला, आणि नियम घातला की ज्याला जसे घरी बोलता येते तसेच बोलायचे. पहिले दोन शनिवार ती मुलगी गप्पच. तिसऱ्या शनिवारी तिने त्यांच्या बकरीची गोष्ट सांगितली. बकरीने सावकाराच्या ओसरीत शिरून वाळत घातलेले धोतर खाल्ले. पोरे पोट धरधरून हसली, पण आता गोष्टीला हसली.

१ मे रोजी वार्षिक निकाल होता. झेंडावंदन झाले, पुस्तके वाटली गेली. आई पुन्हा मजुरी बुडवून आलेली. लेकीने वाचून दाखवले : ‘स्वतःच्या बोलीत गोष्ट रंगवून सांगते. इतरांना बोलते करते.’ बाईने ते दोनदा वाचायला लावले. मग पुस्तक हाती घेऊन म्हणाली, ‘थे ओळ कोणती? बोट ठेवून दाखवा मॅडम. घरी जाऊन इच्या बापाले दाखवतो.’