नव्या तलंगा, जुने खुराडे

नागपूरच्या आसपासच्या खेड्यांत आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांतही अंगणात दहा-पाच कोंबड्या बाळगणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. जुन्या कोंबड्यांची अंडी कमी होऊ लागली, की घरात नवी पिल्ले आणली जातात. कोणी गावठी पिल्ले घेतात. कोणी हैदराबादच्या संशोधन संस्थेत तयार झालेली ‘वनराजा’, तर कोणी बंगळूरच्या विद्यापीठात तयार झालेली ‘गिरिराजा’ ही जात पसंत करतात. ही पिल्ले जरा मोठी झाली, की त्यांना जुन्या कोंबड्यांत सोडून द्यावे, म्हणजे काम झाले, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु दुसऱ्या दिवशी खुराडे उघडावे, तो काही पिल्ले रक्तबंबाळ झालेली आणि एखादे मरून पडलेले दिसते. एरव्ही शांतपणे दाणे टिपणाऱ्या कोंबड्या अशा निर्दय का होतात?

या प्रश्नाचे उत्तर नॉर्वे देशातील थॉर्लेफ श्येल्डरुप-एब्बे या शास्त्रज्ञाने शोधले. बालपणापासून त्याला कोंबड्यांचे निरीक्षण करण्याचा छंद होता. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने दाखवून दिले, की कोंबड्यांच्या कळपात मानाची एक उतरंड असते. सर्वांत वरची कोंबडी इतर सर्वांना टोचू शकते. तिला कोणी टोचत नाही. सर्वांत खालची सर्वांचे टोचणे सोसते. दाणापाणी कोणी आधी घ्यावे आणि दांडीवर कोणी कोठे बसावे, हेही बहुधा या क्रमानेच ठरते.

हा क्रम वरवर पाहता अन्यायाचा वाटतो. परंतु त्याचा एक मोठा उपयोग आहे. एकदा प्रत्येकीची जागा ठरली, की घासागणिक भांडण करावे लागत नाही. वरच्या कोंबडीने नुसती मान उंचावली, तरी खालची बाजूला होते. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके व तुरा यांवरून ओळखतात. अनोळखी पिल्लू कळपात आले, म्हणजे त्याची जागा ठरलेली नसते, आणि ती ठरविण्यासाठी चोची चालू लागतात. खुडूक कोंबडीने स्वतः उबविलेल्या पिल्लांवर सहसा हा प्रसंग येत नाही. कारण त्यांची आई त्यांच्यासाठी साऱ्या कळपाशी झुंजते. विकत आणलेल्या पिल्लांना असा कैवारी नसतो. ते काम पाळणाऱ्यालाच करावे लागते.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नये. तलंगा सुमारे १२ ते १६ आठवड्यांच्या आणि अंगाने जुन्या कोंबड्यांच्या जवळपास झाल्यावरच त्यांना एकत्र करावे. बाहेरून आणलेल्या पक्ष्यांना प्रथम दोन ते चार आठवडे दूर ठेवून त्यांची प्रकृती पाहावी आणि राणीखेत म्हणजेच मानमोडी या रोगाची लस दिली आहे, याची खात्री करून घ्यावी. नागपूरचा वैशाख या कामासाठी टाळलेलाच बरा. पारा ४५ अंशांच्या घरात गेला असता उन्हाने हैराण झालेल्या पक्ष्यांना भांडणाचा ताण सोसवत नाही.

यानंतर ओळखीची पायरी येते. अंगणातच बांबूच्या कामट्यांचा किंवा तारेच्या जाळीचा आडोसा करून तलंगांना एक-दोन आठवडे त्यापलीकडे ठेवावे. दोन्ही बाजूंच्या पक्ष्यांनी एकमेकांना पाहावे. मात्र चोच पोहोचू नये. मग रोज सायंकाळी, आपण जवळ असताना, त्यांना मोकळ्या अंगणात एकत्र सोडावे. तलंग एकटी न सोडता दोन-चार मिळून सोडाव्यात, म्हणजे सारा मारा एकीवर येत नाही. दाण्याची व पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत आणि लपण्यासाठी एखादे डाले किंवा फळी आडवी लावावी. पुढे काही दिवसांनी त्यांना अंधार पडल्यावर दांडीवर बसवावे. कारण कोंबड्यांना अंधारात फारसे दिसत नाही व त्या शांत असतात. परंतु पहाट होताच खुराडे उघडणे अगत्याचे आहे. बंद जागेत दुबळ्याला पळावयास वाट नसते.

खाद्याकडेही लक्ष हवे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी चुन्याचा अंश पुष्कळ असतो. तो तलंगांच्या मूत्रपिंडांना अपाय करतो. म्हणून एकत्र असेपर्यंत सर्वांना वाढत्या पक्ष्यांचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला गरज असेल, ती तो आपण होऊन टिपते.

थोडेफार टोचणे दिसले, तर लगेच मध्ये पडू नये; त्यातूनच क्रम ठरत असतो. मात्र रक्त दिसताच जखमी पक्षी त्वरित वेगळा करावा; कारण लाल रंगावर साऱ्या चोची तुटून पडतात. कळपाचा क्रम आपणास बदलता येत नाही. परंतु नव्याला ओळख होण्यास वेळ, पळण्यास वाट आणि खाण्यास दुसरे भांडे देणे आपल्या हाती आहे. आणि तेवढे केले, तर जुन्या खुराड्यात नव्या तलंगांनाही जागा मिळते.