प्राथमिक शाळेची पारख कशी करावी ?

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक प्रश्न निघाला आणि पंधरा दिवस मुक्काम ठोकून राहिला. दादाची मुलगी जूनमध्ये पहिलीत जायची होती. तिला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचे, की तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ? आईचे म्हणणे, "तुम्ही दोघं भाऊ त्याच शाळेत शिकलात, काय कमी पडलं तुम्हाला ?" वहिनीचे म्हणणे, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता तिथं पोरं घालतंय कोण ?" दादाने दोघींचे ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तू कॉलेजात शिकतोस ना ? मग जा, शाळा बघून ये आणि सांग कशी आहे ती."

मी 'बरं' म्हणालो खरा. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो तेव्हा ध्यानात आले, की शाळेत नेमके काय बघायचे असते हेच मला ठाऊक नाही. बैल घेताना त्याचे दात बघतात, ज्वारी घेताना दाणा हातावर घेऊन बघतात. पण शाळेचे काय बघावे? त्यानंतर जे वाचले, जे विचारले आणि शाळेत सात दिवस बसून जे पाहिले, ते येथे मांडत आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

सामान्यत: लोक चार गोष्टी बघतात : इमारत, गणवेश, पट आणि निकाल.

इमारतीची गोष्ट कायद्यातच आली आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत शाळेसाठी बारमाही इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, कुंपण आणि ग्रंथालय या गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, असे प्रमाणही आहे. या गोष्टी हव्यातच. छप्पर गळत असेल तर पावसाळ्यात कोण शिकणार ? परंतु या सोयींनी शाळा भरते, एवढेच. ती शिकवते की नाही, हे त्यावरून कळत नाही. चूल, भांडी आणि धान्य मोजून स्वयंपाक कसा झाला ते सांगता येत नाही, तसेच हे.

गणवेश, टाय आणि दारात येणारी पिवळी बस यांविषयी बोलायला नको. निकालाचे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. चौथीपर्यंतच्या मुलाला कायद्याने नापास करताच येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीत तशी मुभा मिळाली, त्याखालच्या वर्गांत नाही. तेव्हा चौथीपर्यंतच्या शाळेने 'शंभर टक्के निकाल' म्हटले, तर त्यातून आपल्याला काहीच कळत नाही. राहिली शिष्यवृत्ती परीक्षा. ज्या शाळेची मुले तिच्या यादीत येतात त्या शाळेचे कौतुक जरूर व्हावे. पण ती यादी वर्गातल्या वरच्या चार-पाच मुलांविषयी बोलते. उरलेल्या तिसांचे काय झाले, याविषयी ती गप्प असते.

येथून खरा प्रश्न सुरू होतो. समजा, एका शाळेतील मुले चांगली वाचतात आणि दुसरीतील अडखळतात. तर पहिली शाळा चांगली म्हणायची का? पहिल्या शाळेतील मुलांच्या घरी वर्तमानपत्र येते, आई अभ्यास घेते, संध्याकाळी शिकवणी असते. दुसरीतील मुलांचे आईबाप दिवस उगवायच्या आत कामावर जातात. मग जे वाचन आपल्याला दिसते त्यात शाळेचे किती आणि घराचे किती ?

ही गाठ सोडवण्याचा एक नामी प्रयत्न आंध्र प्रदेशात झाला. २००८ पासून चार वर्षे, पाच जिल्ह्यांतील १८० गावांत कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी तो केला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरकारी शाळेतल्या ज्या मुलांच्या पालकांना खाजगी शाळा हवी होती त्यांच्याकडून अर्ज घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली त्यांची फी भरली गेली, न निघालेली मुले होती तिथेच राहिली. चिठ्ठीला श्रीमंत-गरीब कळत नाही. म्हणून दोन्ही गटांतील घरे सारखीच होती, फरक उरला तो शाळेचा. चार वर्षांनी परीक्षा घेतली, तेव्हा तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गट बरोबरीने होते. खाजगी शाळेत गेलेल्यांना हिंदी मात्र चांगले येत होते, कारण तिथे त्या विषयाला वेळ दिला जात होता. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : खाजगी शाळांचा प्रत्येक मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एकतृतीयांशाहूनही कमी होता. म्हणजे सरकारी शाळेने फार मिरवावे असेही नाही. पण 'खाजगी मुलांना जास्त येते' हे जे आपण उघड्या डोळ्यांनी बघतो, त्यात घराचा वाटा केवढा मोठा असतो, ते या प्रयोगातून दिसते.

मग मुलांना काय येते ते मोजायचेच नाही का ? मोजायचे. त्याची एक साधी रीत आपल्या देशातच आहे. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होत आली आहे. स्वयंसेवक, ज्यांत कॉलेजचे विद्यार्थीही पुष्कळ असतात, खेड्यात घरोघर जातात आणि मुलासमोर एक कागद ठेवतात. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. पाहणी घरी होते, म्हणून शाळेत न येणारे मूलही मोजले जाते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे ४९ मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. सरकारी आणि खाजगी दोन्ही शाळा यात आल्या.

मात्र मोजण्यातही एक खड्डा आहे. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना मॅथ्यू अर्नोल्ड कवी आणि टीकाकार म्हणून ठाऊक असतो. पण पोटासाठी तो १८५१ पासून पस्तीस वर्षे शाळा-तपासनीस होता. १८६२ साली इंग्लंडमध्ये नियम आला, की शाळेचे अनुदान बव्हंशी वाचन, लेखन आणि गणित यांच्या परीक्षेवर द्यायचे. जितकी मुले पास, तितके पैसे. परिणाम काय झाला ? मुलांकडून नेमलेले वाचनपुस्तकच पाठ करून घेतले जाऊ लागले आणि जे विषय मोजले जात नव्हते ते मागे पडले. अर्नोल्डने या पद्धतीला सतत विरोध केला. १८९० च्या दशकात ती संपली. तात्पर्य, मोजमापावर पोट अवलंबले की मुले मोजपट्टीपुरतीच शिकतात. म्हणून शाळा बघायला जाणाऱ्याने मुलाला पाठ्यपुस्तकातील धडा वाचायला देऊ नये. त्याने कधी न पाहिलेल्या चार ओळी द्याव्यात.

आता आमच्या शाळेकडे येतो. गाव बीड जिल्ह्यातले. शाळा पहिली ते चौथी, मुले ४१, शिक्षक दोन : एक गुरुजी आणि एक बाई. एप्रिल असल्यामुळे शाळा सकाळची होती. गुरुजींची परवानगी घेऊन मी मागच्या बाजूला बसलो.

पहिला हिशेब वेळेचा मांडला. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षातून किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवे, म्हणजे दिवसाला चार तास. दोन शिक्षक आणि चार वर्ग. म्हणजे एकेका वर्गाच्या वाट्याला शिक्षक येतो तो दोन तास. उरलेले दोन तास मुले काय करतात, यावर अशा शाळेची अर्धी पारख झाली असे समजावे. बाईंच्या खोलीत पहिलीची मुले चिंचोके मोजत होती, त्या वेळी दुसरीची जोडीजोडीने एकमेकांना वाचून दाखवत होती. गुरुजींच्या खोलीत मात्र तिसरीची मुले बराच वेळ फळ्यावरचे उतरवूनच घेत होती. सातपैकी एक दिवस गुरुजी बैठकीला गेले, त्या दिवशी चारही वर्ग बाईंकडे होते आणि शिकवणे जवळजवळ थांबले होते.

दुसरे, वह्या बघितल्या. वहीवर नुसती 'बरोबर'ची खूण आहे, की चूक कुठे झाली ते दाखवले आहे ? आणि तीच चूक पुढच्या पानावर पुन्हा आहे का ? बाईंच्या वह्यांत चूक दाखवलेली होती. तिसरे, मुले प्रश्न विचारतात का ? आमच्या शाळेत उत्तरे देणारी पुष्कळ होती, प्रश्न विचारणारे मला सात दिवसांत दोघेच आढळले. ही उणीव मी मांडून ठेवली.

शेवटी चौथीच्या नऊ मुलांना एकेकटे बोलावून अनोळखी गोष्ट वाचायला दिली. सहांनी ती वाचली, दोघांनी परिच्छेदापर्यंत मजल मारली आणि एक मुलगा शब्दांवर थांबला. सर्वांत सुरेख वाचले ते गावातल्या किराणा दुकानदाराच्या मुलीने. मला वाटले, ही मुलगी कुठल्याही शाळेत वाचायला शिकलीच असती. मग तिच्यावरून या शाळेचे काय ठरवणार ?

म्हणून मी बाईंना त्या नवव्या मुलाविषयी विचारले. त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. आमच्या भागात दिवाळीनंतर अर्धे गाव कारखान्यांकडे निघते आणि उन्हाळ्यात परतते. हा मुलगाही दरसाल कोयत्याबरोबर जायचा. तिसरीत आला तेव्हा त्याला जेमतेम दहा-बारा अक्षरे येत होती. त्या वर्षी दिवाळीआधी बाई त्याच्या आजीकडे तीनदा गेल्या आणि त्याला गावात ठेवून घेतले. हंगामी वसतिगृहात त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय झाली. बाईंच्या एका साध्या वहीत प्रत्येक मुलाचे पान होते. त्याच्या पानावर तारखा घालून लिहिले होते : काना येतो, वेलांटीत गोंधळ, जोडाक्षर अडते, चार अक्षरी शब्द आला.

तेव्हा मला जे उमगले तेच या लेखाचे सार आहे. हा मुलगा उसाच्या फडात गेला असता, तर चौथीची सरासरी सुधारली असती. म्हणजे जी शाळा अडलेल्या मुलाला धरून ठेवते ती कागदावर कमी दिसते, आणि जी त्याला हळूच जाऊ देते ती उजळ दिसते. म्हणून शाळेची पारख वरून करू नये, खालून करावी. वर्गातले सर्वांत मागे असलेले मूल कोणते, ते शिक्षकाला नावानिशी ठाऊक आहे का, ते वर्षापूर्वी कुठे होते आणि आज कुठे आहे, एवढे तीन प्रश्न विचारावेत. ज्या शाळेला याची उत्तरे देता येतात, तिथे आपले मूल अडले तर कोणीतरी बघेल, असा भरवसा धरायला हरकत नाही. आणि प्रत्येक मूल कशात ना कशात अडतेच.

घरी येऊन मी हे सारे सांगितले. गुरुजींचे फळा उतरवून घेणेही लपवले नाही. वहिनीने विचारले, "आणि इंग्रजीचं काय ?" महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात, आमच्या शाळेत मुलांना शब्द पुष्कळ येत होते, वाक्ये फारशी नाहीत. तेही सांगितले. वहिनी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वत:च शाळेत गेली. परत येऊन मला म्हणाली, "भाऊजी, सात दिवस बसलात आणि मुलींच्या संडासाला कुलूप आहे ते नाही दिसलं तुम्हाला ?"

मला ते खरोखरच दिसले नव्हते. कागदावर स्वच्छतागृह होते, किल्ली गुरुजींच्या खणात होती, कारण टाकीला पाणी नव्हते. सहा वर्षांच्या मुलीच्या आईला जे पहिल्या फेरीत दिसले ते माझ्या टिपणांत नव्हते. शाळा एकट्याने बघू नये, हा धडा मी त्या दिवशी शिकलो.

पुतणीचे नाव जूनमध्ये गावच्या शाळेत घातले. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. वहिनी आता त्या समितीवर आहे. टाकीची जोडणी दिवाळीच्या सुमारास झाली. तिसरीच्या फळ्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे आणि पुतणी दोन वर्षांनी त्या खोलीत जाईल, तोवर तो सुटायला हवा. सुट्टीत गावी जाल तेव्हा आपणही एकदा आपल्या जुन्या शाळेत डोकावून यावे. सोबत चार अनोळखी ओळींचा कागद न्यावा, आणि जमल्यास एखाद्या मुलीच्या आईलाही न्यावे.