झाडाची चूल पानात असते



वरूडच्या संत्राबागेत बहार धरायची वेळ आली की आपण म्हणतो, "यंदा झाडाले चांगलं खाऊ घातलं." म्हणजे काय केलं? तर शेणखत दिलं, पेंड घातली. बोलायला हे ठीक आहे. पण खत हे झाडाचं जेवण नव्हे. आपलं जेवण झाड स्वतः रांधतं, आणि तेही मुळात नव्हे, पानात.

युरोपात फान हेल्मोंट नावाच्या शास्त्रज्ञाने सुमारे 90 किलो कोरडी माती तोलून कुंडीत भरली आणि तीत वाळुंजाचे सुमारे सव्वादोन किलोंचे रोप लावले. पाच वर्षे नुसते पाणी घातले. झाड झाले सुमारे 76 किलोंचे, आणि माती घटली जेमतेम 57 ग्रॅम! हा प्रयोग 1648 साली प्रसिद्ध झाला. झाड पाण्यानेच वाढले, असे त्याला वाटले. हवेचा वाटा त्याच्या ध्यानी आला नाही. पुढे 1779 साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने दाखवून दिले की, हवेवरचे हे काम झाडाचे हिरवे भागच करतात, आणि तेही उजेडातच.

या क्रियेला शास्त्रात 'प्रकाशसंश्लेषण' म्हणतात. शब्द अवघड वाटला तरी भिऊ नका. संश्लेषण म्हणजे जोडून नवे करणे. मुळे पाणी वर पाठवतात. पानाच्या बारीक छिद्रांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो. पानातले हरितद्रव्य सूर्याचा प्रकाश धरते, आणि त्याच्या बळावर या दोहोंपासून साखर तयार होते. उरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो. त्यावर आपला श्वास चालतो. संत्र्याच्या फोडीतली गोडीही याच साखरेची.

मग खत कशाला? तर चूल बांधायला! नत्र आणि मॅग्नेशियम यांवाचून हरितद्रव्य बनत नाही. पान पिवळे पडले की चूल मंदावली समजा.

आता आपल्या दुखण्याकडे वळू. संत्र्यावर कोळशी येते, पाने-फळे काजळ फासल्यासारखी काळी होतात. ही काजळी म्हणजे एक बुरशी. काळ्या माशीची पिल्ले पानाखाली बसून रस शोषतात आणि गोड चिकटा टाकतात. त्यावर ती वाढते. म्हणजे झाडाचे नुकसान दुहेरी. रस जातो तो जातोच, वर काजळीने ऊन अडते. खत भरपूर, पाणी भरपूर, पण चुलीला विस्तवच नाही! तेव्हा अशा वेळी आणखी खत ओतू नका. जादा नत्र, जादा पाणी आणि दाट सावली या माशीला मानवते. दाटीच्या फांद्या विरळ करा, ऊन आत जाऊ द्या. कृषी अधिकाऱ्यांना विचारून औषध निवडा. फवारा पिल्ले लहान असतानाच, पानाच्या खालच्या अंगाला बसला पाहिजे. आणि शेजाऱ्यांनीही त्याच सुमारास फवारले पाहिजे. नाहीतर त्यांच्या बागेतली माशी आपल्याकडे येणारच.

गुरुजी, वर्गात हे सहज दाखवता येईल. कुंडीतल्या एखाद्या मऊ पानाच्या झाडाच्या एका पानाला दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावा. दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. मग दुपारी पान तोडून, पट्टी काढून, मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा. चूल विझवून, त्या गरम पाण्यात स्पिरिटची वाटी ठेवा आणि हिरवा रंग उतरेपर्यंत पान तीत राहू द्या. स्पिरिट कधीही विस्तवावर धरू नका. पान धुऊन त्यावर आयोडीनचे पातळ द्रावण टाका. पानातल्या साखरेचे पिष्ट झालेले असते. जिथे ऊन पोचले तिथे ते निळेकाळे दिसेल. पट्टीखालचा भाग मात्र कोराच राहील.

मग लेकरांना विचारा, "ही पट्टी आपल्या बागेत कोण लावतं?" कास्तकाराघरचं लेकरू चटकन उत्तर देईल, आणि संध्याकाळी बागेत जाऊन पान उलटून पाहील.