मोटरबोटीची शोभा वर, अब्रू पाण्याखाली

वऱ्हाडी माणसाचा आणि बोटीच्या धंद्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्याकडे समुद्र नाही आणि नद्या उन्हाळ्यात आटतात. परंतु धरणांमुळे चित्र बदलले आहे. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा, अकोला जिल्ह्यात महानचे काटेपूर्णा, तेल्हाऱ्याकडचे वान, हे मोठे जलाशय आपल्या दाराशी आहेत. चिखलदऱ्याला गेलेला प्रवासी शक्कर तलाव पाहिल्याशिवाय परतत नाही. नौकाविहाराच्या ठेक्यात पैसा घालावा का, असा विचार अमरावती-अकोल्याच्या तरुणांच्या मनात येतो. तेव्हा पहिला प्रश्न बहुधा बोट दिसायला कशी आहे हाच असतो. आमच्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा.

कापसाच्या गाडीचा हिशेब

बोट का उलटते हे समजायला मोठी विद्या लागत नाही. हंगामात कापसाने उंच भरलेली गाडी वळणावर कशी कलते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. सरकीची पोती खाली अंथरून तेवढेच वजन नेले तर गाडी हलत नाही. बोटीचेही तसेच आहे. वजन जितके खाली आणि पाण्याला टेकलेला भाग जितका रुंद, तितकी ती स्थिर. रुंदी थोडी वाढवली तरी उलटण्याला होणारा विरोध बराच वाढतो.

फरक एवढाच की कापूस जागचा हलत नाही, प्रवासी हलतात. सरासरी ६० किलोचे ४० प्रवासी धरले तर २४ क्विंटल झाले. काठावर मोर दिसला म्हणून सर्व जण एका कठड्याशी धावले तर हे २४ क्विंटल क्षणात एका बाजूला जातात. ते वरच्या मजल्यावर असतील तर धोका आणखी वाढतो.

तांदळाच्या नावेची हाउसबोट

केरळची केट्टुवल्लम ही आपल्या देशातली सर्वांत देखणी प्रवासी बोट म्हणावी लागेल. नावाचा अर्थच बांधलेली नाव. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवतात. पूर्वी या नावा तांदूळ वाहून नेत. रस्ते आणि ट्रक आले, नावांचे काम गेले. पुढे १९९० नंतरच्या दशकात त्यांवर बांबू व चटयांचे छत घालून खोल्या केल्या, इंजिन बसवले आणि हाउसबोटीचा धंदा उभा राहिला. मोडीत निघालेल्या मालाला नवे गिऱ्हाईक शोधणाऱ्या या अकलेचे आम्हांला कौतुक वाटते. उथळ पाण्याला तिचा सपाट तळ योग्य, आणि चटईच्या छताखाली गारवा राहतो.

दोष असा की उंच छतावर वारा भरतो आणि जड बोट लवकर वळत नाही. मूळ नावेत तांदळाची पोती तळाशी असत. आता पलंग, पाण्याची टाकी आणि माणसे वर गेली. त्यावर दुसरा मजला चढवणे म्हणजे मूळ कारागिराचा हिशेब पुसून टाकणे होय.

बेपूरचे उरू

कोझिकोडजवळच्या बेपूर येथे उरू नावाची मोठी लाकडी जहाजे बांधतात. अरब व्यापाऱ्यांशी असलेल्या जुन्या संबंधातून हा धंदा वाढला. जड सांगाडा पाण्यात उतरवणारे तिथले खलाशी बहुतेक मापिल्ला मुसलमान आहेत. मुख्य मिस्त्री कागदी नकाशाशिवाय, डोक्यातल्या मापाने बांधतो. पूर्वी उरू शिडावर चालत, आता त्यांत इंजिन बसते, आणि आखातातील श्रीमंत लोक ती सैरसपाट्यासाठी घेतात.

उरूचे पोट रुंद आणि खोल असते, वजन तळाशी राहते. म्हणूनच ते भर समुद्रात टिकते. आमची टीका उरूवर नाही, गिऱ्हाइकाच्या हौसेवर आहे. मालवाहू सांगाड्यावर मजल्यामागे मजले चढवले की जुनी शहाणीव वाया जाते. शिवाय उरूला खोल पाणी लागते. उन्हाळ्यात उतरणाऱ्या आपल्या जलाशयांत ते गाळात रुतेल.

दुमजलीचा मोह

मालकाला दुमजली बोट आवडते, कारण तिकिटे दुप्पट. याची किंमत मात्र दुसरेच मोजतात. ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीच्या पेरियार जलाशयात ‘जलकन्यका’ ही नवी दुमजली बोट उलटली आणि ४५ जण मृत्युमुखी पडले. ते धरणाचे संथ पाणी होते, समुद्र नव्हता. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यात तानूर येथे २२ जण बुडाले. ती मासेमारीची बोट दुमजली करून तिच्यावर क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी घेतले होते. वरचा मजला रंगीत होता, खालचा सांगाडा त्याच्यासाठी नव्हता.

सूर्यावर चालणारी जोडबोट

याच केरळात जानेवारी २०१७ पासून वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर ‘आदित्य’ ही सौर बोट चालू झाली. लांबी सुमारे २० मीटर, रुंदी ७ मीटर, प्रवासी ७५ आणि मजला एकच. खाली दोन अरुंद सांगाडे, वर सपाट पाटा, म्हणजेच जोडबोट. छतावरच्या सौर तावदानांची वीज बॅटरीत साठते आणि मोटर चालते. दिसायला ही साधीच, पण आमच्या मते अक्कल हिच्यातच अधिक आहे. रुंदीमुळे ती सहज कलत नाही, आणि छत सावलीही देते व इंधनही.

वऱ्हाडात उन्हाची टंचाई नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काटेपूर्णाचे पाणी अकोला शहर पिते आणि अप्पर वर्धाचे अमरावती. पिण्याच्या पाण्यावर डिझेलचा तवंग सोडणारी बोट कितीही देखणी असो, आम्ही तिची शिफारस करणार नाही. जोडबोटीतही दोष आहेत. बॅटरी महाग पडते आणि ठरावीक वर्षांनी बदलावी लागते. एका सांगाड्यात पाणी शिरले तर बोट एकीकडे झुकते, म्हणून आतले कप्पे वेगवेगळे बंद आहेत की नाहीत हे पाहूनच सौदा करावा.

पैसा घालण्यापूर्वी

देशांतर्गत जलयान कायदा २०२१ मध्ये झाला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला तपासणी, नोंदणी, विमा आणि प्रमाणपत्र असलेला चालक हवा. आपल्या राज्यात यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावे लागते. जलाशयावर परवानगी मिळेल का, हे बोट घेण्यापूर्वी जलसंपदा विभागाला विचारावे. काटेपूर्णाला अभयारण्य असल्याने वन विभागालाही विचारावे लागेल. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात ओसरलेले पाणी यांमुळे बोट वर्षातले बरेच दिवस बांधून ठेवावी लागते. व्याजाचे कर्ज मात्र एक दिवसही थांबत नाही. कोकणात मासेमारीच्या होडीवर मालक आणि खलाशी यांच्यात वाट्याची पद्धत जुनी आहे. चार भावांनी भांडवल एकत्र करून नफा-तोटा वाटून घेणे या धंद्याला आणि आपल्या शरीअतलाही अधिक मानवते.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यात, वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून नात्यागोत्यातले ११ जण गेले. ती साधी नाव होती, पण पाण्याचा हिशेब सर्वांना एकच. हजरत नूह अलैहिस्सलाम यांना तुफान येण्याआधीच नौका बांधण्याचा हुकूम झाला होता, हे आपण जाणतो. तयारी आधी, प्रवास नंतर. बोट पाहायला जाल तेव्हा रंग आणि पडदे मागून पाहा. आधी वाकून तळ पाहा, रुंदी मोजा आणि बसण्याच्या जागांइतकी जीवरक्षक जाकिटे आहेत का ते मोजा. गिऱ्हाईक सुखरूप काठावर उतरले, तरच त्या रोजीत बरकत आहे.